कोरोनाची स्वॅब आणि अँटिबॉडी चाचणी: रुग्णालयात आणि रस्त्यावर काम करणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

मी एका सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. २०२० पासून आमच्या खिडकीशी सिस्टर आल्या, वॉर्डबॉय आणि मावशी आल्या, रुग्णवाहिकेचे चालक, सफाई कामगार, हवालदार, कंडक्टर, आशाताई आल्या. स्वॅब देताना, रक्त देताना आणि रिपोर्ट हातात घेताना त्यांनी जे विचारलं, ते इथे मांडलं आहे. प्रश्न त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत.

स्वॅबची तपासणी आणि रक्ताची तपासणी यांत फरक काय? एकच केली तर चालणार नाही का?

स्वॅब म्हणजे आजची हजेरी आणि रक्त म्हणजे जुनं मस्टर. नाकाघशात आत्ता विषाणू आहे का, हे स्वॅबवरून कळतं. तो पूर्वी कधी येऊन गेला का, किंवा लसीने शरीराला त्याची ओळख करून दिली का, हे रक्तातल्या अँटिबॉडीवरून, म्हणजे प्रतिपिंडांवरून कळतं. आजच्या हजेरीवरून मागच्या महिन्याचे खाडे कळत नाहीत आणि मागच्या महिन्याच्या मस्टरवरून आज कोण आलंय ते कळत नाही. या पानावरचे निम्मे प्रश्न ही एक गोष्ट गोंधळल्यामुळे पडतात.

म्हणून ताप-खोकला असताना ‘अँटिबॉडी करून टाका’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका. लागण झाल्यावर आयजीजी नावाची, बराच काळ टिकणारी प्रतिपिंडं रक्तात नीट दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. तोवर तुम्ही घरच्यांना आणि शेजारच्या खाटेला आजार देऊन मोकळे झालेले असता.

मी डॉक्टर नाही, नर्स नाही. मी ‘जास्त धोक्याच्या’ कामात मोडतो का?

बहुतेक मोडता. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, मे २०२० मध्ये कोणत्या गटांची अँटिबॉडी पाहणी करावी याची यादी काढली. तीत आरोग्य कर्मचाऱ्यांबरोबर पोलीस, सुरक्षारक्षक, पालिका कर्मचारी, चालक, दुकानदार, बँकेतले लोक, कुरिअरवाले असे कितीतरी जण होते. दिवसभरात जितक्या अनोळखी माणसांच्या श्वासाच्या टप्प्यात तुम्ही येता, तितका तुमचा धोका. हुद्द्याचा त्याच्याशी फार संबंध नाही.

डिसेंबर २०२० आणि जानेवारी २०२१ मध्ये आयसीएमआरची तिसरी देशव्यापी पाहणी झाली. सर्वसामान्य प्रौढांत सुमारे २१ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली, आरोग्य कर्मचाऱ्यांत २५.७ टक्के. डॉक्टर-नर्स, पॅरामेडिकल, फिरतीवरचे आणि कार्यालयातले कर्मचारी यांच्या आकड्यांत मात्र फारसं अंतर नव्हतं. मला यात नवल वाटलं नाही. कोविड वॉर्डात किट घालून असताना माणूस सावध असतो. जेवणाच्या खोलीत सहा जण मास्क खाली करून एकाच डब्यातली भाजी घेतात, तिथे पीपीई किट कोणीच घालत नाही. आमच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा लागण झाली ती नमुने हाताळणाऱ्यांना नाही. ती झाली चहाच्या टेबलावर बसणाऱ्यांना.

काल एका पॉझिटिव्ह पेशंटला उचललं. आजच स्वॅब देऊन टाकू का?

देऊ नका, फुकट जाईल. विषाणू शिरला तरी त्याला वाढायला वेळ लागतो. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विश्लेषणात लागण झाल्यापासून दिवस मोजून आरटी-पीसीआर, म्हणजे स्वॅबची प्रयोगशाळेत यंत्रावर होणारी चाचणी, किती वेळा चुकते ते पाहिलं गेलं. पहिल्या दिवशी चाचणी जवळजवळ प्रत्येक वेळी निगेटिव्ह आली. चौथ्या दिवशी १०० पैकी सुमारे ६७ रुग्ण निसटत होते. लक्षणं साधारण पाचव्या दिवशी सुरू होतात, त्या दिवशी ३८, आणि आठव्या दिवशी सुमारे २०. म्हणजे सगळ्यात चांगल्या दिवशीही पाचातला एक हातून सुटू शकतो.

म्हणूनच आयसीएमआरच्या मे २०२० च्या धोरणात, लक्षणं नसलेल्या जवळच्या संपर्कातल्या माणसाची तपासणी पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान एकदा करायची असं ठरलं होतं. लक्षणं दिसली तर मात्र दिवस मोजत बसू नका, त्याच दिवशी या.

आमच्याकडे एक चालक दुसऱ्याच दिवशी स्वॅब देऊन गेला. निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त झाला आणि सहाव्या दिवशी तापाने फणफणत परत आला. मधल्या चार दिवसांत त्याने किती जणांना गाडीत बसवलं ते तोच जाणे. चूक त्याची नव्हती. ‘निगेटिव्ह’ या शब्दाचा अर्थ त्याला कोणी समजावलाच नव्हता. अर्थ एवढाच, की त्या घटकेला त्या काडीवर विषाणू सापडला नाही.

नाकात इतकी आत काडी घालायलाच पाहिजे का? डोळ्यांतून पाणी येतं.

पाहिजे. पाणी आलं तर समजा स्वॅब बरोबर घेतला गेला. नाकपुडीतून काडी वरच्या दिशेला, डोळ्यांकडे न्यायची नसते. ती आडवी, कानाच्या दिशेने सरळ मागे न्यायची असते, नाकाचा रस्ता घशाला मिळतो तिथवर. तिथे काही सेकंद हलकेच फिरवायची आणि काढायची. मान थोडी मागे टेका आणि घेणाऱ्याचा हात धरू नका. लोक नेमके तेच करतात.

काडी बोळ्याची किंवा लाकडी नसते, नायलॉन किंवा डेक्रॉनच्या टोकाची असते, कारण कापूस आणि लाकूड पीसीआरच्या क्रियेत अडथळा आणू शकतात. काडी गुलाबी पाण्याच्या नळीत मोडून टाकतात. त्या पाण्याला व्हीटीएम म्हणतात. नळी बर्फाच्या डब्यात, २ ते ८ अंशांत प्रवास करते. व्हीटीएमचा गुलाबी रंग पिवळा पडला असेल तर नळी खराब झाली आहे, तुम्हीही विचारा. आम्हाला राग येणार नाही. (आला तरी विचारा.)

अँटिजेन निगेटिव्ह आली. ड्युटीवर जाऊ ना?

अंग दुखतंय, घसा खवखवतोय आणि अँटिजेन निगेटिव्ह आहे, तर नाही. आरटी-पीसीआर करा.

अँटिजेन म्हणजे स्वॅबवर विषाणूचं प्रथिन जागच्या जागी शोधणारी झटपट चाचणी. भारतात पहिल्या रॅपिड अँटिजेन किटला जून २०२० मध्ये मान्यता मिळाली. आयसीएमआरच्या तपासणीत ते किट निरोगी माणसाला चुकून पॉझिटिव्ह म्हणण्याची शक्यता एक टक्क्याहून कमी निघाली. खऱ्या रुग्णाला पकडण्याचं प्रमाण मात्र ५०.६ ते ८४ टक्के होतं. म्हणून अँटिजेन पॉझिटिव्ह आली की विश्वास ठेवा, दुसरी चाचणी मागत बसू नका. निगेटिव्ह आली आणि लक्षणं आहेत तर विश्वास ठेवू नका. पंधरा मिनिटांत उत्तर मिळतं ही या किटची खरी ताकद आहे. पाळी सुरू होण्याआधी दारातच एखादा जास्त संसर्गजन्य माणूस अडवता येतो. नियमच धरून बसलेल्या एका मुकादमाने ‘किट निगेटिव्ह आहे ना, मग झाडू घे’ म्हणून तापाच्या माणसाला रस्त्यावर पाठवल्याचं मी पाहिलं आहे. त्यात किटचा दोष नव्हता.

घरी करायच्या किटलाही हेच लागू. भारतातलं पहिलं घरगुती किट मे २०२१ मध्ये, २५० रुपयांना आलं. ते पुण्याच्या कंपनीने बनवलं होतं.

रिपोर्टवर सीटी व्हॅल्यू ३२ आहे. म्हणजे बारीकसाच कोरोना ना?

असं नसतं. आरटी-पीसीआरमध्ये विषाणूचा अंश फेरीगणिक दुप्पट होत जातो. कितव्या फेरीत तो यंत्राला दिसला, तो आकडा म्हणजे सीटी. कमी आकडा म्हणजे जास्त विषाणू. दहा फेऱ्यांचा फरक म्हणजे हजारपट, म्हणून आकडा पाहून लोक घाबरतात किंवा निवांत होतात. पण स्वॅब उथळ घेतला, नळी उशिरा आली, किट वेगळं असलं, तरी आकडा बदलतो. दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही. ३५ च्या आत पॉझिटिव्ह, हीच देशातली रेघ. २० आलेला माणूस घरी बरा होतो आणि ३० आलेल्याला ऑक्सिजन लागतो, दोन्ही आम्ही पाहिलं. आजार किती गंभीर ते ऑक्सिमीटर आणि डॉक्टर सांगतील.

आम्ही पंचवीस जण आहोत. सगळ्यांचे स्वॅब एकत्र करून एकच टेस्ट करा, पैसे वाचतील.

ही कल्पना तुमच्या आधी आयसीएमआरने केली होती. एप्रिल २०२० मध्ये पाच नमुने एकत्र तपासायची मुभा दिली गेली. गट निगेटिव्ह आला तर पाचही सुटले, पॉझिटिव्ह आला तर पाचही पुन्हा वेगवेगळे करायचे. लागण फार कमी असलेल्या भागात हे परवडतं. पण त्याच सूचनेत स्पष्ट लिहिलं होतं की आरोग्य कर्मचारी आणि बाधितांच्या संपर्कातले लोक यांचे नमुने असे मिसळायचे नाहीत. कारण उघड आहे. तुमच्यातच पॉझिटिव्ह निघण्याची शक्यता जास्त, म्हणजे काम दुप्पट. शिवाय मिसळल्यावर नमुना पातळ होतो आणि कमी विषाणू असलेला एखादा हुकतो.

बरा झालो, तरी पुन्हा पॉझिटिव्ह आलो. साहेब कामावर घेत नाहीत.

पीसीआर विषाणूचे मेलेले तुकडेही पकडते आणि ते कित्येक आठवडे नाकात राहू शकतात. म्हणून मे २०२० पासूनच सौम्य आजाराच्या रुग्णाला लक्षणं सुरू होऊन दहा दिवस झाले आणि तीन दिवस ताप नसला तर पुन्हा चाचणी न करता सोडायचं, असा केंद्राचा नियम झाला. जानेवारी २०२२ मध्ये घरी राहणाऱ्यांसाठी ते सात दिवसांवर आलं. ‘निगेटिव्ह रिपोर्ट आणा, मगच हजेरी लावा’ हे कंत्राटदाराचं म्हणणं वैद्यकीय नव्हतं. त्यापायी महिनाभर बिनपगारी बसलेली माणसं मला माहीत आहेत.

अँटिबॉडी चाचणी कशी करतात? बोटातून थेंब घेतात तीच ना?

बोटातल्या थेंबाचं रॅपिड किट २०२० च्या एप्रिलमध्ये चीनमधून मोठ्या संख्येने आलं आणि त्याच महिन्यात आयसीएमआरने राज्यांना दोन कंपन्यांचे किट वापरणं थांबवायला सांगितलं, कारण निकाल एकमेकांशी जुळत नव्हते.

आम्ही करतो ती एलायझा. शिरेतून तीन-चार मिली रक्त, ते गोठू द्यायचं, फिरवून वरचा पिवळसर द्रव, म्हणजे सीरम, काढायचा. प्लेटला ९६ छोटे खळगे असतात आणि त्यांच्या तळाशी विषाणूचे भाग चिकटवलेले असतात. तुमच्या सीरममध्ये जुळणारी प्रतिपिंडं असली तर ती तिथे अडकतात, धुतलं तरी निघत नाहीत, आणि शेवटी रंग उमटतो. त्या रंगाची तीव्रता यंत्र मोजतं. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मे २०२० मध्ये तयार केलेली ‘कोविड कवच’ ही अशीच चाचणी, अडीच तासांत एका फेरीत ९० नमुने. खळगे ९६, नमुने ९०, कारण उरलेल्यांत ज्यांचं उत्तर आधीच माहीत आहे असे नमुने ठेवावे लागतात. ते जमले नाहीत तर अख्खी प्लेट बाद.

लस घेतली आहे. आता अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली, म्हणजे लागणही झाली होती का?

कोणती प्रतिपिंडं मोजली त्यावर आहे. कोविशिल्ड शरीराला विषाणूचा फक्त काटा, म्हणजे स्पाइक प्रथिन, दाखवते. म्हणून ती घेतलेल्याच्या रक्तात स्पाइकविरुद्धची प्रतिपिंडं येतात. विषाणूच्या आतल्या एन प्रथिनाविरुद्धची येत नाहीत. ती सापडली तर खरी लागण होऊन गेलेली असते. कोवॅक्सिनचं तसं नाही. ती मारलेला अख्खा विषाणू वापरते, त्यामुळे एन प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडं लसीनेही येऊ शकतात आणि फरक करता येत नाही. कवचसारखी चाचणी अख्ख्या विषाणूविरुद्ध असल्याने तीही हे उलगडू शकत नाही. रक्त देताना कोणती लस, कधी, हे फॉर्मवर लिहा. लोक ‘लस: हो’ एवढंच लिहितात आणि मग आम्ही रिपोर्ट पुढ्यात घेऊन डोकं खाजवत बसतो.

अँटिबॉडी आहेत. मास्क काढू?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा आला, म्हणून थोडं सविस्तर.

ऑक्सफर्डमधल्या रुग्णालयांत साडेबारा हजारांवर कर्मचाऱ्यांची स्वॅब आणि अँटिबॉडी अशी दोन्ही तपासणी सहा-सात महिने होत राहिली. सुरुवातीला प्रतिपिंडं नसलेल्यांपैकी २२३ जणांना पुढे लागण झाली. प्रतिपिंडं असलेले सुमारे १२६५, त्यांच्यातले फक्त दोघे पॉझिटिव्ह आले आणि दोघांनाही लक्षणं नव्हती. ब्रिटनमध्येच ‘सायरन’ नावाचा याहून मोठा अभ्यास झाला. त्यात कर्मचाऱ्यांचे दर दोन आठवड्यांनी स्वॅब आणि नियमाने रक्त घेतलं गेलं. आधी लागण झालेल्यांना पुन्हा लागण होण्याचा धोका ८४ टक्क्यांनी कमी निघाला. म्हणजे प्रतिपिंडांचा उपयोग होता, हे खोटं नाही.

पण ते आकडे पहिल्या विषाणूचे आणि अल्फाचे. ओमिक्रॉन आला तेव्हा कतारमधल्या अभ्यासात जुन्या लागणीचं संरक्षण सुमारे ५६ टक्क्यांवर उतरलेलं दिसलं. आधीच्या प्रकारांविरुद्ध ते ९० टक्क्यांच्या आसपास होतं. शिवाय प्रतिपिंडं असलेला माणूसही नाकात विषाणू बाळगून तो दुसऱ्याला देऊ शकतो. तुमच्या रिपोर्टवर तुमची माहिती असते, तुमच्या पेशंटची नसते. त्यामुळे वॉर्डातला मास्क वॉर्डाच्या नियमाने ठरेल, तुमच्या रक्ताने नाही.

मला तर कोरोना झाला होता, तरी अँटिबॉडी निगेटिव्ह?

होतं असं. रक्त फार लवकर दिलं असेल, आजार अगदी सौम्य असेल, किंवा सात-आठ महिन्यांत प्रतिपिंडं उतरली असतील. रक्तात दिसेनाशी झाली म्हणजे शरीर विसरलं असं नाही. स्मरण ठेवणाऱ्या पेशी हाडांच्या मगजात आणि लसिका ग्रंथींत असतात, त्या या चाचणीत दिसतच नाहीत.

रिपोर्ट चुकीचा असू शकतो का?

असू शकतो, आणि किती चुकेल ते तुम्ही कुठे काम करता त्यावर ठरतं. धरा, एक अँटिबॉडी चाचणी खऱ्या शंभरातल्या ९२ जणांना पकडते आणि लागण न झालेल्या शंभरातल्या दोघांना चुकून पॉझिटिव्ह म्हणते. आता हजार माणसं तपासा. लागण एकच टक्का असेल, तर खरे दहा, त्यांतले नऊ सापडतील. उरलेल्या ९९० मधले जवळपास २० चुकून पॉझिटिव्ह निघतील. एकूण २९ पॉझिटिव्ह, त्यांत खरे नऊच. तीच चाचणी तीस टक्के लागण झालेल्या हजार सफाई कामगारांत करा: खरे २७६, चुकीचे १४. किट तेच, माणसं बदलली. साधारण वस्तीत आयजीजी पॉझिटिव्ह आलेल्यापेक्षा कोविड वॉर्डातल्या मावशींच्या पॉझिटिव्ह रिपोर्टवर म्हणूनच जास्त भरवसा ठेवता येतो.

पालिकेच्या पाहणीत रक्त दिलं. आम्हाला काय मिळालं?

तुम्हाला वैयक्तिक फार काही नाही, हे मान्य. शहराला मात्र मिळालं. जुलै २०२० मध्ये मुंबईत माटुंगा, चेंबूर आणि दहिसर या भागांतल्या तीन वॉर्डांत ६,९३६ नमुने घेतले गेले. झोपडपट्ट्यांत ५७ टक्के आणि इमारतींत १६ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली. अधिकृत रुग्णसंख्येत दिसत होती त्याहून कितीतरी जास्त लागण होऊन गेली होती. इमारतीतल्या घरांत धुणंभांडी करणारी बाई आणि रात्रपाळीचा वॉचमन झोपडपट्टीत राहतात, हे त्या दोन आकड्यांमधलं अंतर पाहताना कोणी फारसं बोललं नाही.

पॉझिटिव्ह आलो तर खाडा पडेल. म्हणून तपासणीच नको.

माझ्या मते हाच खरा प्रश्न आहे, आणि प्रयोगशाळेकडे त्याचं उत्तर नाही. कायम कर्मचाऱ्याला रजा मिळते. कंत्राटी कामगाराचा दिवस बुडतो. ताप लपवून झाडू धरणाऱ्याला बेजबाबदार म्हणणं सोपं आहे. मला विचाराल तर पगारी रजा न देता सक्तीची चाचणी घेणारी व्यवस्था रुग्ण शोधत नाही, लपवायला शिकवते. २०२० मध्ये चाचणीची किंमतही अंगावर येत होती. खासगीत ४,५०० रुपयांपर्यंत. राज्याने जूनमध्ये ती २,२०० वर आणली आणि २०२१ च्या एप्रिलपासून ५०० वर. पण फुकट चाचणीही त्या माणसाला महाग पडते, जर तिच्या निकालाने आठवड्याची मजुरी जात असेल.

तुमच्या युनियनने किंवा मुकादमाने चाचणीची मोहीम लावली तर आधी लेखी विचारा: पॉझिटिव्ह आल्यास किती दिवस, पगार कोणाचा, बदली कोण देणार.

आता कशाला तपासायचं? जागतिक आणीबाणी तर संपली.

जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी ५ मे २०२३ ला संपवली, विषाणू नाही संपला. निरोगी माणसाने उगाच स्वॅब देऊ नये. पण तुम्ही केमोथेरपी, डायलिसिस, अतिदक्षता किंवा वृद्धांच्या वॉर्डात काम करत असाल आणि ताप-खोकला असेल, तर पेशंटजवळ जाण्याआधी चाचणी करा. अँटिबॉडी चाचणीची एका माणसासाठी आता जवळजवळ गरज नाही. लस आणि लागण मिळून ती बहुतेकांची पॉझिटिव्हच येईल. आयसीएमआरच्या २०२१ च्या चौथ्या पाहणीतच आरोग्य कर्मचाऱ्यांत ती ८५.२ टक्के होती.

जुने रिपोर्ट फेकून देऊ का?

नका फेकू. ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेला कागद तर मुळीच नाही. २०२० मध्ये केंद्राने कोविड रुग्णांच्या सेवेतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचं विमा संरक्षण आणलं. त्यात कंत्राटी आणि रोजंदारीवरचे कर्मचारीही धरले होते. दाव्याला कोविड पॉझिटिव्ह असल्याचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट लागायचा. एका बाईंचा कागद माझ्या खिडकीवर आला होता, नवरा गेलेला. रिपोर्टवर नाव एक, आधारवर आडनाव वेगळं, कारण घाईत कोणीतरी फॉर्म ऐकून भरला होता. दुरुस्तीचा शिक्का मिळेपर्यंत त्यांनी सात चकरा मारल्या. तेव्हापासून मी स्वॅब घेण्याआधी प्रत्येकाला फॉर्म पुढे करून म्हणते, नाव तुम्हीच वाचा. वाचता येत नसेल तर मोठ्याने वाचून दाखवते.